साच्यावरचे डोळे

फायबरच्या कामात मला पहिली भीती आगीची. रेझिन लवकर जमवणारं कोबाल्ट आणि ते घट्ट करणारा हार्डनर चुकून थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, म्हणून दोन्ही कॅन मी शेडच्या दोन टोकांना ठेवतो. दुसरी भीती डोळ्यांची.

साच्यावर जेलकोट फवारला की पहिलं मिनिटभर सगळं ओलं, सपाट, आरशासारखं दिसतं. मग कुठंतरी एक ठिपका उघडा पडतो. मसुराच्या दाण्याएवढा. रंग तिथून मागं सरकतो, ठिपक्याच्या काठाला दाटून बसतो आणि मधून साचा वर बघायला लागतो. एक दिसला की शेजारी दुसरा, तिसरा. इंग्रजीत त्याला माशाचा डोळा म्हणतात, आमच्या शेडमध्ये नुसतं ‘डोळे’. कारागीर आतून हाक मारतो, “मालक, डोळे पडलालेत ओ,” आणि माझ्या पोटात गोळा येतो.

हे काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बागेतली घसरगुंडी, कूलरची बॉडी, बाथरूमचं दार, जत्रेतल्या पाळण्याचा हंस, या सगळ्या वस्तू साच्यात उलट्या क्रमानं जन्माला येतात. घर बांधताना रंग शेवटी लागतो, आमच्याकडं रंग पहिला. साच्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर आधी जेलकोट, म्हणजे रंग घातलेलं घट्टसर पॉलिएस्टर रेझिन, हार्डनर घातला की दगडासारखं जमणारा पाकासारखा द्रव. उभ्या भिंतीवरून ओघळू नये म्हणून त्यात अतिबारीक सिलिका मिसळलेली असते. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो हाताला जरासा चिकट लागेल इतका बसला, की मागून काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन, थरावर थर. दुसऱ्या दिवशी पाचरी ठोकून, कडेनं पाणी सोडून वस्तू साच्यातून उचलायची. काल जे तळाला होतं ते आज वरचं अंग होतं आणि गिऱ्हाईक आयुष्यभर त्याच अर्ध्या मिलिमीटरकडं बघत राहतं.

अडचण इथंच आहे. वस्तू उद्या सुटायला हवी म्हणून साच्याला काहीतरी निसरडं लावावं लागतं. पण जे उद्याच्या घट्ट मालाला धरत नाही, ते आजच्या ओल्या रंगाला तरी का धरेल? अळवावरचं पाणी आपण लहानपणापासून बघतो. पान स्वच्छ राहतं खरं, पण थेंब पसरतच नाही, गोळी होऊन घरंगळतो. मला साचा अळूच्या पानासारखा हवाही असतो आणि नकोही असतो. रंगानं त्यावर तासभर अंग टाकून सपाट पडावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुरकुर न करता उठावं, एवढंच मागणं. एवढं जमायला मला सहा वर्षं लागली, आणि अजूनही दर खेपेला फवारा हातात घेताना श्वास रोखला जातो.

निसरडं म्हणजे मुख्यतः मेण. चांगल्या वॅक्स पॉलिशमध्ये कार्नौबा असतं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर हा मेणाचा थर येतो. तिथल्या कोरड्या हंगामात पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड तो स्वतःसाठी बनवतं. ऐंशी अंशांच्या वर गेल्याशिवाय ते वितळत नाही, त्यामुळं सोलापूरच्या मे महिन्यातही साच्यावर घट्ट राहतं. उन्हात होरपळणाऱ्या गावातल्या माणसाला त्या झाडाबद्दल आपुलकी वाटणं साहजिक आहे. नव्या साच्याला मेणाचे पाच-सहा हात लागतात. पातळ लावायचं, धूसर होऊ द्यायचं, फडक्यानं पुसून चमकवायचं, मग तासभर साच्याला हातही लावायचा नाही. त्यानंतर पुढचा हात. मेणावर पीव्हीएचा फवारा. पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं. वाळलं की दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा होतो. वस्तू निघाली की पापुद्रा पाण्यानं धुऊन टाकायचा.

डोळ्यांचा मी इतका धसका का घेतो, त्याचं मूळ गड्ड्यात आहे. गड्डा म्हणजे सोलापुरात संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावर पाळणे लागतात. मी सात-आठ वर्षांचा असताना एका फिरत्या चक्रातल्या हंसावर बसलो होतो. त्याच्या मानेवरचा रंग जागोजाग उडालेला होता आणि खालचे तंतू बाहेर आले होते. दोन चकरा झाल्या तोवर तळव्यात बारीक कुसळं. डोळ्याला दिसत नव्हती, पण रात्रभर हात चुरचुरत होता. आईनं खोबरेल लावलं, मग चिकटपट्टी लावून ओढून काढली, तरी दोन दिवस ती बोच गेली नाही. ती काच होती हे मला पुढं वीस वर्षांनी, हा धंदा शिकताना कळलं.

डोळा पडलेल्या जागी जेलकोट पातळ असतो किंवा नसतोच. वरून रंगाचा हात मारून तो झाकता येतो. गिऱ्हाइकाला कळतही नाही. पण घसरगुंडीवर रोज शंभर पोरं घासत खाली येतात. पातळ जागा आधी झिजते आणि तिथून तंतू वर येतात. चड्डीतल्या उघड्या मांड्या, तळवे. म्हणून डोळे पडलेला माल मी रंगवून देत नाही. याबद्दल माझं काही कारखानदारांशी वाजलेलंही आहे.

तर त्या वर्षीचा मे. एका शाळेची निळी घसरगुंडी होती, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत बसवायची होती. गडद निळा म्हणजे काही लपत नाही. पारा ४२-४३ वर, दुपारी शेडचा पत्रा हात टेकवू देत नव्हता, म्हणून आम्ही पहाटे पाचला काम सुरू करायचो. दहा अंश गरमी वाढली की रेझिन साधारण निम्म्या वेळात जमतं. मे महिन्यात दुपारी जेलकोट फवारणं म्हणजे बंदुकीतच रंग घट्ट करून घेणं. साचा जुना, ओळखीचा, त्यातून तीसेक घसरगुंड्या निघालेल्या.

पहिल्याच फवाऱ्याला डोळे. दोन-चार नाही, सबंध उतारावर, देवी आल्यासारखे.

ओला जेलकोट खरवडून काढला, साचा पुसला, नवं मेण, नवं पीव्हीए, दुसऱ्या पहाटे पुन्हा. पुन्हा डोळे, आदल्या दिवसापेक्षा जास्त. मग संशयाची फेरी सुरू झाली. आधी कॉम्प्रेसर. पिस्टनमधून तेलाचा अंश हवेत येतो, हे डोळ्यांचं नेहमीचं कारण. स्वच्छ आरशावर दहा मिनिटं नुसती हवा मारली, आरसा कोरडा. मग जेलकोटचा डबा. दुकानदाराशी फोनवर आवाज चढला, त्यानं दुसऱ्या लॉटचा डबा पाठवला, त्यालाही डोळे. (त्या आवाजाबद्दल मी नंतर जाऊन माफी मागितली.) मग पाणी, मग धूळ, मग रुई. आमची शेड अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या शेजारी. हवेत कापसाची रुई कायम तरंगत असते. पण रुई पडली तर रंगात केस दिसतो, डोळा पडत नाही. कारागिरावरही चिडलो. त्यानं वॅक्सच्या जागी गाडीच्या डॅशबोर्डला लावतात तसलं काही लावलं असेल असं वाटलं, कारण त्यात सिलिकॉन असतं. तो बिचारा शपथेवर नाही म्हणाला.

सिलिकॉनचं नाव आलंच आहे तर सांगतो. प्रत्येक द्रवाच्या पृष्ठभागाला एक ताण असतो. मिलिन्यूटन दर मीटरला या मापात पाण्याचा ७२ च्या आसपास, पॉलिएस्टर रेझिनचा तिशीच्या घरात, सिलिकॉन तेलाचा जेमतेम २०-२१. घरी करून बघा: ताटात पाणी घ्या, वर हळद भुरभुरा, मधोमध साबणाचं बोट टेकवा. हळद झटक्यात काठाला पळते. बोटाखालचा ताण कमी झाला, भोवतालचा जास्त राहिला, आणि जास्त ताण असलेल्या पाण्यानं पृष्ठभाग आपल्याकडं ओढून घेतला. कार्लो मारांगोनी नावाच्या इटालियन माणसानं १८६५ साली आपल्या प्रबंधात याचाच विचार केला होता, म्हणून या ओढीला त्याचं नाव आहे. साच्यावर सिलिकॉनचा कण असेल तर तो साबणाचं बोट होतो आणि माझा निळा जेलकोट हळदीसारखा पळतो. मेणाचं तसं नाही. ते घन आहे, जागचं हलत नाही. रंगाला ते फार आवडत नाही, पण सगळीकडं सारखंच नावडतं, म्हणून थर एकसारखा बसू शकतो. सिलिकॉन हे तेल, ते फिरतं. घासलं की पुसलं जात नाही, पसरतं.

चौथ्या दिवशी अण्णा शेडमध्ये आले. माझ्या वडिलांना या धंद्याचा वास सोसत नाही. रेझिनमधल्या स्टायरीनचा तो गोडसर उग्र वास आला की ते बाहेर लिंबाखालीच थांबतात. शिवाय एकतीस वर्षं कापडात काढलेल्या माणसाला मुलानं प्लॅस्टिक करावं हे मनातून पटलेलं नव्हतं, बोलले नाहीत कधी. आधी सायझिंगमध्ये, म्हणजे ताण्याच्या सुताला खळ देण्याच्या खात्यात होते, शेवटची काही वर्षं टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये. त्या दिवशी आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली होती, ती द्यायला आले आणि माझा चेहरा बघून आत आले.

पीव्हीएचा कॅन उघडा होता. त्यांनी दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर चोळली, तार धरून बघितली.

“हे तर खळीतलं.”

मला माहीतच नव्हतं. सुताच्या खळीत स्टार्चच्या जोडीला पीव्हीए घालतात, अण्णांनी ते वर्षानुवर्षं कढईत शिजवलेलं. माग चालताना घासून सूत तुटू नये म्हणून त्याला हा कोट द्यायचा आणि कापड विणून झालं की धुऊन काढायचा. पातळ झाला तर सूत तुटतं, जाड झाला तर सूत कडक होऊन पापुद्रे झडतात. मी सहा वर्षं ज्याच्याशी झटत होतो ते माझ्या घरात एकतीस वर्षं होतं, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. लाज नाही, पण घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

मी त्यांना सगळं सांगितलं. मेण कोणतं, हात किती, फवारा कसा. ते ऐकत होते आणि मेण चमकवायचं फडकं नुसतं हातात चुरगाळत होते. मग थांबले.

“हे कुठनं आणलास?”

“शेजारनं. चिंधी. एकदम नवी कोरी आहे अण्णा, एकदा वापरून टाकून देतो आम्ही.”

टॉवेलच्या कडा कापून उरलेली चिंधी आमच्याकडं किलोवर मिळते. एप्रिलपासून नवं पोतं चालू होतं, पांढरंशुभ्र, आधीच्यापेक्षा मऊ. मी खूश होतो. अण्णांनी बाटलीचं टोपण उघडलं, बोटानं एक थेंब फडक्यावर सोडला. कापूस आहे, टॉवेल आहे, पाणी प्यायला हवं. थेंब प्यायला गेला नाही. गोल होऊन तसाच बसला, अळवावर बसावा तसा.

“सॉफ्टनर मारलाय याला. सिलिकॉनचा. हाताला लोण्यासारखं लागतंय बघ.”

दुकानात टॉवेल हाताला मऊ लागावा म्हणून शेवटच्या धुण्यात सॉफ्टनर देतात, त्यातले बरेच सिलिकॉनचे असतात. म्हणजे मी साचा जितका मन लावून पुसत होतो, जितकं मेण चमकवत होतो, तितकं सिलिकॉन त्यात रगडत होतो. दुसऱ्या दिवशी डोळे वाढले ते म्हणूनच. जास्त काळजी घेतली, जास्त डोळे पडले.

खात्री करायला काचेचा एक तुकडा घेतला. सगळीकडं मेण लावलं, डावी बाजू चिंधीनं चमकवली, उजवी आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं. दोन्हीवर एकाच बंदुकीनं निळा जेलकोट. डावीकडं मसुराची डाळ सांडल्यासारखे डोळे, उजवीकडं निळंशार तळं. आम्ही तिघं, अण्णा, कारागीर आणि मी, त्या काचेवर वाकून किती वेळ बघत होतो कोण जाणे. कारागीर एवढंच म्हणाला, “म्हटलं नव्हतं का मालक.” मी त्याचीही माफी मागितली.

साचा शुद्ध करायला चार दिवस गेले. आधी सॉल्व्हंटनं पुसणं. एकाच दिशेनं, दर पुसण्याला फडक्याची नवी घडी, कारण तीच घडी परत फिरवली तर घाण नुसती जागा बदलते. पुसण्याआधी घासायचं नाही, नाहीतर सिलिकॉन पॉलिश पेपरबरोबर ओरखड्यांत शिरतं. मग हजार आणि दीड हजारचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, मग सिलिकॉन नसलेलं कंपाउंड, मग पुन्हा मेणाचे सहा हात. आणि शेवटी एक वस्तू देवाला सोडल्यासारखी. जेलकोट आणि एक मॅट लावून पातळ घसरगुंडी काढली आणि मोडून टाकली. जेलकोट साच्यावरून उठताना उरलीसुरली घाण बरोबर घेऊन जातो. बाजारात डोळे घालवणारं औषध बाटलीत मिळतं, ते दोन थेंब टाकायचा सल्ला मला अनेकांनी दिला. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत सिलिकॉनच असतं. डोळे मिटतात, कारण सगळ्या रंगाचाच ताण सारखा खाली येतो, पण मग ती बाटली शेडमधून कधीच बाहेर जात नाही. बंदुकीत, पाइपात, हातात राहते. माझ्या शेडमध्ये ती येणार नाही.

थर एकसारखा बसवायचा तर फवाऱ्याचीही घाई चालत नाही, हेही मी त्याच आठवड्यात नीट शिकलो. पीव्हीएत पाणी असतं आणि मेण पाण्याला झिडकारतं. म्हणून पहिला हात दूरनं, पहाटेच्या दवासारखा, साचा ओला झाला की नाही असं वाटावं इतकाच. तो वाळून खरखरीत झाला की पुढच्या हाताला धरायला जागा मिळते. पापुद्रा पूर्ण वाळू द्यायचा. पाण्याचा अंश राहिला तर वरचा जेलकोट तिथं कच्चा राहतो. मेमध्ये ते पंधरा-वीस मिनिटांत वाळतं, पावसाळ्यात ताटकळावं लागतं. मग जेलकोटचंही तेच. पहिला हात धुक्याचा, दोन मिनिटं थांबायचं, तो जरा चिकट झाला की आडवा हात, मग उभा. मध्ये मध्ये दात्यांचा कंगवा टेकवून जाडी बघायची. थर फार पातळ झाला तर स्टायरीन उडून जातं, रंग कच्चा राहतो आणि मागून मॅटचं रेझिन लागलं की मगरीच्या कातडीसारखा सुरकुततो. फार जाड झाला तर ओघळतो आणि पुढं तडकतो. रंग पसरत नाही म्हणून त्यात ॲसिटोन ओतणारे लोक मी पाहिले आहेत. हार्डनर गरमीत कमी करायचा हे खरं, पण शेकडा एकाच्या खाली मी जात नाही. वेळ हवा असेल तर पहाटे लवकर उठावं.

निळी घसरगुंडी जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत बसली. बोल्ट आवळून झाल्यावर मी वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला, मग उलटा. मागं रांगेत पोरं गलका करत होती, त्यांना मी अडवून धरलं होतं.

आता फडक्यांचं खातं अण्णांकडं आहे. मी मागितलं नव्हतं. आईच्या आणि आत्यांच्या विरलेल्या सुती साड्या ते गोळा करतात, हातभर चौकोन फाडतात, साबणाच्या पाण्यात उकळतात, तीनदा खळबळून गच्चीवर वाळत घालतात. संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात, शेजारी पाण्याचा तांब्या. एकेक चौकोन मांडीवर पसरायचा, बोट बुडवून एक थेंब सोडायचा आणि वाकून बघायचं. पाणी झटकन शिरलं तर फडकं उजवीकडं. क्षणभर जरी थांबलं तरी डावीकडं, ते आईकडं परत, फरशी पुसायला. काल मी बघत उभा होतो. एका फडक्यावर थेंब अगदी किंचित रेंगाळला आणि मग शिरला. मला ते चाललं असतं. अण्णांनी ते पुन्हा उचललं, दुसऱ्या कोपऱ्यावर थेंब सोडला, आणि डावीकडं टाकलं.